बेडसोर नव्हतं ते

फोन ठाण्याहून आला होता. "सिस्टर, आमच्या आईला बेडसोर झालंय. रोज येऊन ड्रेसिंग कराल का?" आई मात्र ठाण्यात नव्हती. चिपळूणपासून रिक्षानं अर्ध्या तासावरच्या गावात, धाकट्या मुलाकडे होती. जुलैचा पहिला आठवडा, पाऊस नुसता कोसळत होता. वीस वर्षं वॉर्डात काढून आता मी घरोघरी जाऊन रुग्णसेवा करते. फोनवर सांगितलेलं निदान मी ऐकून घेते, पण पाहिल्याशिवाय मानत नाही. हे प्रकरण घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजींचं वय ७६, वजन ४६ किलो. नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आला, मेंदूच्या उजव्या भागात. शरीराची डावी बाजू लुळी पडली, बोलणं शाबूत राहिलं. मधुमेह १२ वर्षांचा, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.२, हिमोग्लोबिन ९.४. मे महिन्यात चार दिवस एका रुग्णालयात होत्या. तिथून घरी सोडताना दिलेल्या कागदावर एक ओळ होती, ‘बेडसोर, ग्रेड २’. त्या एका ओळीवर पुढचे दोन महिने घर चाललं होतं. भाड्यानं आणलेली हवेची गादी, आयोडिनचं द्रावण, गॉझचे गठ्ठे, चिकटपट्टीची रिळं. थोरला मुलगा ठाण्याहून डायपरची खोकी पाठवत होता. पाठ मात्र दर आठवड्याला आणखी सोलवटत होती.

खाट माजघरात होती. कोकणातल्या जुन्या घरांची माजघरं पाहिली असतील त्यांना सांगायला नको, भर दुपारीही तिथे संध्याकाळ असते. मी पहिल्यांदा मागितली ती बॅटरी. सूनबाई म्हणाल्या, "आम्ही मोबाइलचा उजेड धरतो." मोबाइलचा पांढरा झोत सावळ्या कातडीवर मारला की सगळंच करडं दिसतं. पुस्तकात लिहिलेली ‘लाली’ आपल्याकडच्या बहुतेक पाठींवर लाल नसतेच. ती काळपट, जांभळट असते, कधी नुसती चकाकते. म्हणून उजेड बाजूनं तिरका पाडायचा आणि डोळ्यांइतकंच बोटांना काम द्यायचं. उलट्या हातानं शेजारच्या जागेशी ताडून पाहायचं, ऊब जास्त आहे का, भाग टणक लागतो का पिठासारखा मऊ.

आजींच्या अंगावर तर आणखी एक थर होता, हळदीचा. शेजारच्या काकूंनी खोबरेलात हळद कालवून लावायला सांगितलं होतं. हळदीशी माझं वैर नाही, पण पिवळं रंगवलेल्या पाठीवर खालचा रंग कसा वाचायचा? कोमट पाण्यानं हळूहळू तो थर उतरवण्यातच माझी वीस मिनिटं गेली.

मग दिसलं ते असं. दोन्ही कुल्ल्यांच्या फुगीर भागावर सालटं निघालेले ओलसर पट्टे, उजवीकडे साधारण ७ बाय ४ सेंटिमीटर, डावीकडे ५ बाय ३. कडा वेड्यावाकड्या, नकाशातल्या किनाऱ्यासारख्या. मधल्या घडीत दोन्ही बाजूंना समोरासमोर सारखेच डाग, एकावर दुसऱ्याचा ठसा उठावा तसे. जांघांत काळपट-लाल पट्टा आणि त्याच्या बाहेर शिंतोडे उडाल्यासारख्या बारीक पुळ्या. चिकटपट्टी ओढून काढलेल्या जागी सरळ रेषेत सोललेली कातडी. आणि माकडहाडावर रुपयाएवढा एक वेगळाच डाग, सालट न निघालेला, टणक आणि गरम. दाबला तरी रंग बदलेना.

दाबानं होणारी जखम, म्हणजे खरं बेडसोर, हाडाच्या उंचवट्यावर होते. तिची कड बहुधा रेखलेली असते आणि ती आत खोल जाते. आजींच्या कुल्ल्यांवर जे होतं ते हाडावर नव्हतं, मांसल भागावर होतं. उथळ होतं, पसरट होतं, घडीत शिरलेलं होतं. वॉर्डात याला आयएडी म्हणतात. लघवी-संडास अंगाखाली होत राहिल्यानं त्वचेचा होणारा दाह. हे नावच २००७ सालच्या आसपास रूढ झालं, त्याआधी पुष्कळदा अशालाही बेडसोरच म्हटलं जायचं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या मंडळींनी २०१७ मध्ये त्याची सोपी प्रतवारी केली. कातडी अखंड पण रंग बदललेला तर पहिली, सालट निघालं तर दुसरी, आणि त्या प्रत्येकीत संसर्गाची चिन्हं आहेत की नाहीत. आजी दुसऱ्या प्रतीत होत्या, संसर्गासकट. माकडहाडावरचा तेवढा एक डाग खरा दाबाचा, पहिल्या पायरीवरचा. बेडसोरचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन मापनात त्यांचे २३ पैकी ११ गुण झाले. १२ किंवा त्याखाली म्हणजे मोठा धोका.

हा फरक शब्दांचा खेळ नाही. दाबाच्या जखमेला दाब काढणं हे औषध, आणि हवेची गादी ते करते. ओल्यानं सोललेल्या कातडीला गादीचा काय उपयोग? तिच्यावर गॉझ बसवून पट्ट्या मारल्या की गॉझ लघवी शोषून तिथेच धरून ठेवतो, आणि पट्टी काढताना उरलेली कातडीही घेऊन येते.

दुसऱ्या दिवशी मी कशालाच हात लावला नाही. भिंतीला टेकून बसले आणि मावशींना म्हटलं, तुम्ही रोज करता तसंच करा. मावशी शेजारच्या वाडीतल्या, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा यायच्या. हाताला स्वच्छ, कामाला चोख. त्यांनी बंबातलं पाणी काढलं, त्यात जंतुनाशकाचं झाकण पालथं केलं, पाणी दुधाळ झालं. हिरव्या साबणाची वडी टॉवेलाच्या तुकड्यावर घासली आणि आजींचं अंग असं घासलं की तांब्यापितळेची भांडी आठवावीत. आजींनी खाटेची कड धरून दात आवळले. मग टॉवेलानं खसाखसा पुसणं, वर टाल्कम पावडरचा सडा, आणि डायपर. डायपरमध्ये आणखी जुन्या लुगड्याची चौपदरी घडी, ‘डायपर लवकर भरू नये म्हणून’. असं दिवसातून चार वेळा. "सिस्टर, मी कधी वास येऊ दिला नाही हो," मावशी म्हणाल्या. खरं होतं. त्या घरात कसलाही वास नव्हता.

इथे थोडं थांबते, कारण अशा बहुतेक घरांत मला हेच दिसतं. निष्काळजी घरात कातडी जाते, तशी अतिकाळजीच्या घरातही जाते. निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो. सामू (पीएच) साधारण ४ ते ६ च्या दरम्यान. अंघोळीची साबणाची वडी ९-१० च्या घरात. रोज एकदा हातपाय धुतले तर त्वचा काही तासांत सावरते. दिवसातून चार वेळा त्याच जागी वडी फिरवली तर तिला सावरायला सवडच मिळत नाही. त्यात लघवी. ताजी लघवी फारशी उपद्रवी नसते. ती साचून राहिली की जंतू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, डोळ्यांना झोंबणारा तो वास त्याचाच, आणि सामू आणखी चढतो. आता त्यात पातळ संडासाची भर घाला. अन्नातले स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं पचवणारे पाचकरस पातळ मळात जास्त उरलेले असतात, आणि अल्कधर्मी ओलीत ते अधिकच चेकाळतात. समोर डाळ नसली, कातडी असली, तरी त्यांचं काम चालूच. भिजून फुगलेली कातडी आधीच नरम पडलेली, त्यावर टॉवेल. जंतुनाशकाचं पाणी उघड्या जागेला जाळतं. पावडर ओल्यात भिजून गोळे बनते आणि घडीत वाळूसारखी घासते.

लुगड्याची घडीही तशीच. डायपरच्या पोटात पाणी शोषून धरणारे पॉलिमरचे कण असतात. लघवी त्यांच्यापर्यंत पोचली तर वरचा थर बराचसा कोरडा राहतो. मधे कापड घातलं की लघवी कापडातच अडते आणि ओलं कापड अंगाला. त्यात ठाण्याहून आलेले डायपर एक्स्ट्रा लार्ज. "मोठा म्हणजे जास्त पेलेल," असा थोरल्याचा हिशेब. ४६ किलोच्या बाईला तो मांडीशी उघडा राहायचा, तिथून गळायचा, म्हणून मावशी पट्ट्या ताणून आवळायच्या. जांघेतला वळ त्याचाच.

हे सगळं मी मावशींना एका दमात सांगितलं नाही. चार महिने राबलेल्या बाईला ‘तुमच्यामुळे झालं’ असं ऐकवलं तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही. मी त्यांच्या हाताच्या पाठीवर साबण लावला, न धुता वाळू दिला आणि दहा मिनिटांनी विचारलं, कसं वाटतंय? "ओढल्यासारखं." बस, पुढचं त्यांनीच ओळखलं.

बदल साधे केले. कोमट पाणी, कोपरानं तपासलेलं. साबण बंद, जंतुनाशक बंद. मळ चिकटला असेल तिथे बिनवासाचा, सौम्य, साबण नसलेला क्लीन्झर. टॉवेलाऐवजी जुन्या सुती लुगड्याचे वीतभर चौकोन. नऊवारीच्या जुन्या सुतासारखं मऊ कापड मला कुठल्याही दुकानात मिळालेलं नाही. पुढून मागे पुसायचं, घासायचं नाही, टिपायचं. पावसाळ्यात हे चौकोन वाळत नाहीत ही खरी अडचण. वळचणीखालच्या दोरीवर दोन दिवस दमट लोंबकळलेलं कापड अंगाला लावण्यापेक्षा न लावलेलं बरं. सूनबाईंनी शाळेच्या गणवेशाबरोबर त्यांवरही इस्त्री फिरवायला सुरुवात केली. धुताना साबणाची पूड राहू नये म्हणून शेवटी एक जादा पाणी.

कोरडं झालं की सोललेल्या जागेवर झिंक ऑक्साइडचं जाड मलम. किती जाड, हे कायम विचारलं जातं. भाकरीवर लोणी थापतात तितकं, चपातीला तूप लावतात तितकं नव्हे. पुढच्या वेळी मळ पुसताना वरचा घाण झालेला थर तेवढा उतरवायचा, खालचं पांढरं तसंच ठेवून त्यावर पुन्हा लावायचं. मलम ‘पूर्ण निघालं पाहिजे’ म्हणून खरवडत बसलं की दिवसभराचं काम वाया. दोन दिवसांतून एकदा बघण्यासाठी काढायचंच असेल तर खोबरेल नाहीतर लिक्विड पॅराफिन लावून सैल करायचं. आजूबाजूच्या अखंड कातडीला नुसती पेट्रोलियम जेलीची पुसट बोटं. ती जास्त झाली तर डायपरचा वरचा थर मेणचटतो आणि लघवी आत शिरत नाही.

जांघेतल्या पुळ्या पाहून मला बुरशीचा संशय होता, तालुक्याच्या डॉक्टरांनी पाहून तेच सांगितलं. घरात आधीच एक मलम होतं, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरकस स्टेरॉइड, तिन्ही एकाच नळीत. ते लावलं की दोन दिवस खाज मरते आणि घर खूश होतं. मग स्टेरॉइडच्या आडोशानं बुरशी पसरते आणि कातडी पातळ होत जाते. ती नळी मी सूनबाईंच्या हातानं केरात टाकवली. डॉक्टरांनी साधं क्लोट्रिमॅझोल १ टक्का दिलं. दिवसातून दोनदा, आधी ते पातळ, ते मुरलं की वर झिंक.

चौथ्या दिवशी आजी म्हणाल्या, आग कमी आहे. सातव्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. उजवा पट्टा इंचभरही आखडला नव्हता. धुणं बदललं, मलम बदललं, तरी ओल तेवढीच. इथे मी माझ्यावरच चिडले. पहिल्याच दिवशी जे विचारायला हवं होतं ते मी अर्धवट विचारलं होतं. ‘जुलाब होतात का?’ विचारलं, ‘हो’ म्हणाले, मी लिहून घेतलं. कसले जुलाब, हे विचारलंच नाही.

आता विचारलं. दिवसातून नऊ-दहा वेळा, पण दर वेळी चमचा-दोन चमचे. पातळ, काळं, नुसतं पाझरल्यासारखं. नीट बांधलेला संडास शेवटचा कधी झाला? सूनबाईंनी मावशींकडे पाहिलं, मावशींनी सूनबाईंकडे. जून लागायच्या आधी केव्हातरी. पोटावर हात ठेवला तर डावीकडे खाली दोरखंड वळल्यासारखं टणक लागत होतं.

हे जुलाब नव्हते. हा कोठा गच्च भरून खडा झाला होता, आणि त्या खड्याच्या कडेनं वरचा पातळ मळ वाट काढत होता. घरानं मात्र जुलाब समजून सगळे उपाय केले होते. दूध बंद, फळं बंद, भाजी बंद, नुसती पेज. डाळिंबाच्या सालीचा काढा. दुकानातून आणलेली जुलाब थांबवणारी गोळी, रोज दोन. त्यात रक्त वाढवायला लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी मळ काळा होतो आणि पुष्कळांचा कोठाही धरतो. आणि आजी पाणीच पीत नव्हत्या. दिवसाला मोजून तीन फुलपात्री. "प्यायलं की होतं, मग पोरीला उठवावं लागतं," त्या म्हणाल्या. कमी पाण्यानं लघवी थांबत नाही, ती गडद होते, जास्त झोंबते, आणि खडा आणखी वाळतो.

डॉक्टर घरी आले, बोट घालून तपासलं आणि मान हलवली. पुढचे तीन दिवस सोपे नव्हते. ग्लिसरीनच्या कांड्या, एनिमा, थोडं डॉक्टरांनी हातानं मोकळं केलं, मग तोंडानं पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड पाण्यातून. जुलाब थांबवणारी गोळी तत्काळ बंद. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी तात्पुरत्या थांबवल्या. मी घरच्यांना आधीच बजावलं होतं की दोन दिवस मळ वाढेल, घाबरून पुन्हा पेजेवर जाऊ नका. त्या दोन दिवसांत झिंकचा थर आणखी जाड ठेवला आणि दर तासाला पांघरूण वर करून पाहिलं. चौथ्या दिवशी सकाळी एकदाच संडास झाला, मऊ, बांधलेला. मावशींनी तो मला दाखवायला झाकून ठेवला होता. आमच्या धंद्यात आनंद अशाच गोष्टींचा असतो.

औषधांचा डबा तेव्हाच नीट चाळला. त्यात डापाग्लिफ्लोझिन होतं. साखर लघवीवाटे बाहेर काढणारी गोळी. चांगली गोळी आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही फायद्याची ठरते. पण लघवीतून साखर जाणं म्हणजे जांघेतल्या बुरशीला रोज पंक्ती वाढणं, शिवाय लघवीही वाढते. चालत्याफिरत्या माणसाला जे सोसतं ते डायपरमधल्या माणसाला सोसेलच असं नाही. मी गोळी बंद केली नाही, ते माझं काम नव्हे. डॉक्टरांना फोनवर जांघेची अवस्था सांगितली, त्यांनी ती बदलून दुसरी दिली.

लघवी उरली होती. आजींना कळत नव्हतं का? कळत होतं. विचारलं तर नेमकं सांगायच्या, आता होतेय. मग बोलवायच्या का नाहीत? सूनबाईंनी देवघरातली जुनी घंटा खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवली होती. "वाजवतच नाहीत. मुद्दाम करतात की काय असं वाटायला लागलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. काजूच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून आलेल्या बाईला रात्री दोनदा चादर बदलावी लागली की असं वाटतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

उलगडा झाला तो जेवणाच्या ताटावरून. दुपारी मी तिथेच होते. आजींना टेकवून बसवलं, ताट वाढलं. त्यांनी भाजी संपवली, आमटी-भात संपवला, ताट पुढे सरकवलं. डाव्या बाजूची चटणी, काकडीची कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच. "आईंना हल्ली कोशिंबीर आवडत नाही," सूनबाई म्हणाल्या. मी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. आजी म्हणाल्या, "अगो, कोशिंबीर केली होती होय?" आणि खाल्ली.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांना डाव्या बाजूचं जग उरतच नाही. डोळे अधू नसतात, लक्षच तिकडे जात नाही. सात महिने आजी अर्धं ताट जेवत होत्या, आणि आपली पद्धत अशी की ताटात कोंडा-चोथा असलेलं, कच्चं असं जे असतं ते नेमकं डाव्या हाताला. आणि घंटा? स्टूल खाटेच्या डाव्या बाजूला होतं. आजींच्या लेखी या घरात घंटाच नव्हती.

घंटा उजवीकडे आली. स्टूलही, पाण्याचं तांब्याभांडंही. खाट भिंतीपासून सरकवून उजवी बाजू मोकळी केली, म्हणजे धडक्या बाजूनं उतरून कमोडच्या खुर्चीवर बसवता येईल. धाकटा मुलगा रिक्षा चालवतो, त्याला फिजिओथेरपिस्टनं कंबरेला पट्टा बांधून उठवायचं तंत्र शिकवलं. सकाळच्या चहानंतर वीस-एक मिनिटांनी खुर्ची. पोटात काही गेलं की आतडं हलतं, तो वेळ साधायचा. दिवसभर दर दोन-अडीच तासांनी न विचारता नव्हे, विचारून: "आजी, जायचंय का?" पाणी संध्याकाळी पाचपर्यंत भरपूर, नंतर बेताचं. मोजून सव्वा लिटरच्या आसपास जाऊ लागलं. दिवसा डायपर बंद, अंगाखाली नुसता शोषणारा पॅड. रात्रीपुरता डायपर, मापाचा, मीडियम. खाली अंथरलेलं मेणकापड काढलं. गादी वाचायची पण आजी घामानं चिंब व्हायच्या. माकडहाडासाठी दर दोन तासांनी कूस, पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी देऊन तीसेक अंशांत तिरकं.

लघवीची नळी घालू या का, असं थोरल्यानं फोनवर दोनदा विचारलं. जखम खोल असती, किंवा लघवी तुंबत असती, तर विचार केला असता. नुसतं कोरडं राहावं म्हणून नळी घालणं म्हणजे मूत्रमार्गाच्या संसर्गाला दार उघडून देणं, आणि मधुमेहात तर जास्तच. तो नाराज झाला. दूर असलेल्या मुलांना काहीतरी मोठं करावंसं वाटतं, ते मी समजू शकते.

कोठा मोकळा झाल्यापासून सहाव्या दिवशी पाझर थांबला. दहाव्या दिवशी उजवा पट्टा ३ बाय २ वर आला, डावा जवळजवळ मिटला. सतराव्या दिवशी कातडी सगळीकडे बंद. रंग काळपट राहिला, तो महिनोनमहिने राहतो, त्याला जखम समजून मलमं लावत बसायचं नसतं. बुरशीचं मलम पुळ्या गेल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे होईतो चालू ठेवलं. माकडहाडाचा डाग दाबल्यावर फिका होऊ लागला. माझी फेरी रोजची होती ती आठवड्यावर आली, मग फोनवर.

गणपतीत पुन्हा फोन. थोरल्याचं कुटुंब ठाण्याहून आलेलं, घरात चौदा माणसं, पाच दिवसांचा गणपती. "सिस्टर, उजव्या जांघेत परत काळं दिसतंय, सालट नाही निघालं. झिंक सुरू केलंय, दिवसाचा डायपर घातला होता तो काढलाय. तुम्ही यायला हवं का?" सूनबाईंनी बॅटरीच्या तिरक्या उजेडात काढलेला फोटो पाठवला होता. मी म्हटलं, दोन दिवस बघा. पण ओल आली कुठून?

त्या हसायला लागल्या. संध्याकाळी आरती चालू असताना माजघरातून घंटा वाजत होती. सगळ्यांना वाटलं आजींनीही आरती धरलीय. नातवंडं तर टाळ्या वाजवत आत जाऊन त्यांच्या सुरात सूर मिळवून आली. पाच आरत्या आणि मंत्रपुष्पांजली होईपर्यंत आजी घंटा वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी थोरल्यानं चिपळूणच्या बाजारातून दाराला लावायची बिनतारी बेल आणली आणि तिचं बटण खाटेच्या उजव्या कडेला चिकटपट्टीनं बसवलं. ते दाबलं की ओटीवर एक कर्कश चिमणी ओरडते. घंटा परत देवघरात गेली.